मराठवाड्यात नोव्हेंबरनंतर पाऊस किती, आणि त्यावर किती विसंबावे

राज्य सरकारने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत जालना जिल्ह्यातील भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड आणि मंठा हे पाच तालुके आहेत. बदनापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने या पार्श्वभूमीवर चार प्रश्न विचारले आहेत. डिसेंबरअखेरपर्यंत पाऊस येण्याची शक्यता किती आहे, सोयाबीन निघालेल्या रानात हरभरा आताच पेरावा की एखाद्या पावसाची वाट पाहावी, मोसंबीचा आंबे बहार (जानेवारीत पाणी सुरू करून घेतला जाणारा फुलोरा) धरावा का, आणि एल निनोची (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याची) स्थिती असताना पुढच्या वर्षीचा पावसाळा कसा राहील. मराठवाड्यातील कृषी हवामान सल्ल्याच्या कामात बराच काळ गेलेला असल्यामुळे या प्रश्नांचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे. ते ४ नोव्हेंबर २०२३ रोजी हाती असलेल्या नोंदींवर आधारलेले आहे.

आधी थेट उत्तर. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एखाद-दुसरा अवकाळी पाऊस होऊ शकतो, त्याची शक्यता नाकारता येत नाही. परंतु तो आलाच तरी आपली तूट भरून काढील, अशी कोणतीही वातावरणीय परिस्थिती सध्या दिसत नाही. म्हणून पिकांचा, बागेचा आणि जनावरांच्या पाण्याचा हिशेब आज विहिरीत जे पाणी आहे तेवढ्यावरच मांडावा. पाऊस आला तर त्याचा लाभ घेण्याची आणि त्यापासून होणारे नुकसान टाळण्याची तयारी ठेवावी, मात्र तो हिशेबात धरू नये.

असे ठामपणे म्हणण्याचे कारण यंदाचा पावसाळा कसा गेला यात आहे. भारतीय हवामान विभागाच्या आकड्यांनुसार जून ते सप्टेंबर या काळात मराठवाड्यात सरासरीपेक्षा सुमारे १० टक्के कमी पाऊस झाला. विभागाच्या वर्गवारीत उणे १९ टक्क्यांपर्यंतची तूट ‘सर्वसाधारण’ या सदरात येते, त्यामुळे कागदावर आपला पावसाळा सर्वसाधारण ठरतो आणि दुष्काळ कुठून आला, असा प्रश्न शहरातील माणसाला पडतो. प्रत्यक्षात मोसमी पाऊस मुंबईत पोहोचायलाच २५ जून उजाडला, मराठवाड्यातील पेरण्या जुलैत सरकल्या, जुलैच्या पावसाने पिके उगवून वर आली आणि ऑगस्टमध्ये पावसाने जो खंड दिला तो पिकाच्या नेमक्या फुलोऱ्याच्या आणि शेंगा धरण्याच्या काळात. १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचा सर्वांत कोरडा ऑगस्ट यंदाचा ठरला, तूट ३६ टक्के होती. महाराष्ट्रात या महिन्याची तूट निम्म्याहून अधिक राहिली. सप्टेंबरमध्ये आलेल्या पावसाने हंगामाची बेरीज सुधारली, पण सोयाबीनच्या न भरलेल्या शेंगा काही भरल्या नाहीत. आपल्या विहिरींचे मुख्य पुनर्भरण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जमीन आधीच ओली असताना पडणाऱ्या सलग पावसाने होते. यंदा सप्टेंबरचा पाऊस आला तेव्हा जमीन कोरडी पडलेली होती, त्यामुळे त्यातील मोठा वाटा वरच्या थरानेच शोषला आणि खडकापर्यंत फारच थोडे पाणी उतरले.

आता पुढील दोन महिन्यांकडे पाहू. २५ सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून मोसमी पावसाची माघार सुरू झाली आणि १९ ऑक्टोबरला तो संपूर्ण देशातून परतला. त्यानंतर दक्षिणेत ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला आहे, परंतु तो तमिळनाडू, केरळ, रायलसीमा आणि आंध्रचा किनारा यांचा पाऊस आहे. मराठवाड्याला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाऊस मिळतो तो तीनच मार्गांनी. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र किंवा चक्रीवादळ आंध्र-तेलंगणाच्या किनाऱ्यावर येऊन पश्चिमेकडे सरकले, तर त्याच्या उरलेल्या भागाचा पाऊस नांदेड-लातूरपासून जालन्यापर्यंत पोहोचतो. अरबी समुद्रातील प्रणाली कोकण-गुजरातच्या दिशेने वळली तर पश्चिमेकडून बाष्प येते. २००९ साली ११ नोव्हेंबरला फयान चक्रीवादळ अलिबाग-मुंबईच्या पट्ट्यात धडकले होते, तो या प्रकारचा नमुना आहे. तिसरा मार्ग म्हणजे उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभाची (पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी प्रणालीची) द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, नेहमीपेक्षा दक्षिणेकडे झुकते आणि त्याच वेळी दोन्ही समुद्रांवरून बाष्प राज्यावर येते. वरच्या थरात थंड कोरडी हवा आणि खाली उबदार दमट हवा अशी रचना झाली की गडगडाटासह पाऊस होतो, आणि गारपिटीचा धोका याच रचनेत सर्वाधिक असतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या पंधरवड्यात दोन्ही समुद्रांत एकाच वेळी चक्रीवादळे होती, आणि अनेकांना त्यांच्याकडून आशा वाटली होती. अरबी समुद्रातील ‘तेज’ येमेनकडे गेले आणि उपसागरातील ‘हामून’ बांगलादेशाकडे वळले. आपल्याला त्यांच्यापासून काही मिळाले नाही. पुढील आठवड्यांत उपसागरात आणखी प्रणाली तयार होतीलच, कारण नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मुख्य महिना आहे. मात्र वादळ तयार होणे ही एक गोष्ट आणि ते तेलंगणावरून आपल्याकडे येणे ही वेगळी गोष्ट. त्याचा मार्ग साधारण केवळ चार-पाच दिवस आधी विश्वासाने सांगता येतो, महिनाभर आधी कोणालाही सांगता येत नाही. भ्रमणध्वनीवर सध्या फिरणारे ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मराठवाड्यात जोरदार पाऊस’ असे महिना-महिना आधीचे अंदाज याच कारणासाठी ग्राह्य धरू नयेत. दोन आठवड्यांच्या पलीकडे विशिष्ट दिवसाचा आणि विशिष्ट तालुक्याचा पाऊस सांगणे आजच्या शास्त्राच्या आवाक्यात नाही.

हिंदी महासागरातील द्विध्रुव यंदा धन स्थितीत आहे, तर २०१९ प्रमाणे पाऊस का होणार नाही, असेही अनेक जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. या स्थितीत आफ्रिकेकडील समुद्र तापतो आणि इंडोनेशियाकडील थंड होतो, आणि यंदाचा द्विध्रुव २०१९ नंतरचा सर्वांत प्रबळ आहे. तरीही दोन वर्षांत मूलभूत फरक आहे. २०१९ मध्ये प्रशांत महासागरात प्रबळ एल निनो नव्हता, मोसमी पावसाची माघारच ९ ऑक्टोबरला सुरू झाली, आणि त्यामुळे ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ उभे राहिले तेव्हा महाराष्ट्रावर भरपूर बाष्प होते. यंदा हवा कोरडी झाली आहे, वारे पूर्व-ईशान्येकडून आहेत आणि एल निनो जोरात आहे. मला यंदाशी अधिक मिळतेजुळते वाटते ते २०१५ चे वर्ष. त्या वर्षी एल निनो आणि धन द्विध्रुव दोन्ही एकत्र होते. नोव्हेंबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चेन्नई पुरात बुडाली होती, त्याच आठवड्यांत मराठवाडा कोरडा होता, आणि पुढे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. एल निनोच्या वर्षात दक्षिण टोकाला पाऊस वाढतो याचा अर्थ तो गोदावरी खोऱ्यात वाढतो असा नाही, हे २०१५ ने पुरेसे दाखवले आहे. २०१५ ची तूट यंदापेक्षा बरीच मोठी होती, त्यामुळे परिणामांची तीव्रता तेवढीच राहील असे मी म्हणत नाही. साम्य आहे ते पावसाळ्यानंतरच्या महिन्यांतील वातावरणाच्या रचनेत.

एवढे असूनही पाऊस आला, असे क्षणभर गृहीत धरू. मराठवाड्याची नोव्हेंबरची सरासरी साधारण १५ ते २० मिलिमीटर आहे, डिसेंबरची त्याहूनही कमी, आणि नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांची मिळून बेरीज ६०-७० मिलिमीटरच्या आसपास जाते. कोरड्या पडलेल्या काळ्या जमिनीचा एक मीटर खोलीचा थर पूर्ण ओला व्हायला दीडशे मिलिमीटरहून अधिक पाणी लागते. वीस मिलिमीटरचा पाऊस अशा जमिनीत जेमतेम वीतभर खोल उतरतो आणि दिवसाला तीन-चार मिलिमीटर बाष्पीभवन होत असताना आठवडाभरात त्याचा बराच भाग उडून जातो. म्हणजे नोव्हेंबरमध्ये सरासरीच्या दुप्पट पाऊस झाला, तरी उभ्या तुरीला एक संरक्षित पाणी दिल्याइतका त्याचा उपयोग होईल आणि विहिरीची पातळी हलणार नाही. आपल्याकडे ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ असे म्हणतात ते रब्बी ज्वारीसाठी खरे आहे, कारण दसऱ्याच्या सुमारास पेरलेल्या ज्वारीला त्या वेळी वरच्या थरातील ओलीचीच गरज असते. यंदा स्वाती नक्षत्र दोन दिवसांत संपत आहे आणि तेही कोरडेच गेले आहे.

त्यात तापमानाची भर आहे. हवामान विभागाने नोव्हेंबरमध्ये देशाच्या बहुतेक भागांत किमान व कमाल तापमान सरासरीपेक्षा अधिक राहण्याचा अंदाज दिला आहे, आणि एल निनोच्या हिवाळ्यात आपल्याकडेही रात्री कमी थंड राहतात, असा अनुभव आहे. उबदार रात्रींमुळे हरभरा आणि गहू लवकर फुलोऱ्यात येतात, दाणे भरण्याचा काळ आखडतो आणि पाण्याची गरज वाढते.

आता हरभऱ्याविषयी. कोरडवाहू हरभऱ्याची शिफारस केलेली वेळ ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होती, ती गेली. ओलिताखालील हरभरा १० नोव्हेंबरपर्यंत पेरता येतो आणि थोडे उत्पादन कमी धरून आणखी आठवडाभर ताणता येतो. त्यामुळे पाऊस येईल या भरवशावर कोरड्या रानात बी टाकू नये. हलका पाऊस आला तर ते उगवते आणि खालच्या थरात ओल नसल्याने महिन्याभरात सुकते, म्हणजे बियाणे, खत आणि मजुरी सगळेच जाते. रानात आठ-दहा ठिकाणी वीत-दीड वीत खोल उकरून पाहावे. त्या खोलीवरील माती मुठीत दाबली असता गोळा होत असेल तर तेथे पेरणी शक्य आहे. होत नसेल तर तुषार सिंचनाने रान भिजवून, वाफसा (पेरणीजोगी ओल) आल्यावरच पेरावे, आणि तेही पुढची किमान एक पाण्याची पाळी देण्याइतके पाणी हाती असेल तेवढ्याच क्षेत्रावर. एकच पाळी शक्य असेल तर ती फुलोऱ्याच्या सुमारास, पेरणीनंतर ४० ते ४५ दिवसांनी द्यावी. दोन शक्य असतील तर पहिली फांद्या फुटताना आणि दुसरी घाटे भरताना. पाटाने भरपूर पाणी सोडल्यास काळ्या जमिनीत हरभरा उभळतो (पिवळा पडून सुकतो), हेही लक्षात असावे.

‘तेवढ्याच क्षेत्रावर’ म्हणजे किती, हे ठरवण्यासाठी विहीर मोजणे अपरिहार्य आहे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल, तर ते सुमारे ८५ हजार लिटर होते. एका एकरावर तुषार संचाने ३० मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तर १ लाख २० हजार लिटर लागते, आणि पाटाने ५० मिलिमीटर दिले तर दोन लाख. विहीर एकदा उपसून ती पुन्हा त्याच पातळीवर यायला किती तास लागतात, याची नोंद आजच करावी आणि दर पंधरा दिवसांनी तीच नोंद पुन्हा घ्यावी. आपला बेसाल्ट खडक पाणी साठवतो तो भेगांमध्ये आणि मुरमात, त्यामुळे फेब्रुवारीनंतर ही आवक झपाट्याने घटते. नोव्हेंबरमधील आवक मेपर्यंत टिकेल असे धरून केलेले नियोजन मार्चमध्ये कोसळते. नवीन विंधनविहीर खोल नेण्याचा मोह या काळात होतो. आपल्या भागात ठराविक खोलीनंतर कोरडा अखंड खडकच लागतो आणि पैसा जातो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून आपल्या गावाजवळच्या निरीक्षण विहिरीची पातळी विचारून घेतल्याशिवाय तो निर्णय करू नये.

जायकवाडीचाही उल्लेख करतो, कारण त्याकडे सर्वांचे लक्ष आहे. १५ ऑक्टोबरला धरणात उपयुक्त साठा सुमारे ४७ टक्के होता. तो ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्याने समन्यायी वाटपाच्या सूत्रानुसार वरच्या धरणांतून सुमारे ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला आहे. ते पाणी मराठवाड्याच्या हक्काचे आहे आणि लवकर सुटणे गरजेचे आहे, कारण नदीपात्र जितके अधिक कोरडे होईल तितकी वाटेत गळती वाढते. मात्र आपला तालुका दुधना खोऱ्यातला आहे. त्या पाण्याने जालना शहराची पिण्याची सोय टिकेल, आपल्या विहिरीला त्याचा उपयोग होणार नाही.

तूर आणि कापूस उभे आहेत, त्यांच्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागेल. बदनापूरच्याच कृषी संशोधन केंद्रातून आलेल्या बीडीएन ७११ सारख्या लवकर तयार होणाऱ्या वाणाची तूर असेल तर ती सध्या फुलोऱ्यात किंवा शेंगा धरण्याच्या अवस्थेत असेल, आणि हरभऱ्याच्या नव्या पेरणीपेक्षा या उभ्या तुरीला एक पाणी देणे मी अधिक शहाणपणाचे मानतो, कारण तिच्यावरचा खर्च होऊन गेला आहे आणि पीक दोन महिन्यांत हाती येणार आहे. ढगाळ हवामान दोन-तीन दिवस टिकले तर शेंगा पोखरणाऱ्या अळीचा प्रादुर्भाव वाढतो, तेव्हा पाऊस पडो न पडो, पाहणी करावी. फुटलेला कापूस झाडावर ठेवू नये. अवकाळी पावसाचे नुकसान बहुतेक वेळा वेचणी लांबवल्यामुळेच वाढते.

मोसंबीच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: यंदा आंबे बहार धरू नये. बहारासाठी डिसेंबरमध्ये झाड ताणावर सोडावे (पाणी बंद ठेवावे) लागते आणि जानेवारीत ताण तोडल्यावर फळ धरून राहण्यासाठी मेअखेरपर्यंत नियमित, वाढत्या प्रमाणात पाणी द्यावे लागते. हे पाणी आपल्याकडे नाही. ताणलेल्या झाडाला बहार आणून मार्चमध्ये पाणी तुटले, तर फळ जातेच आणि झाडही वाळते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर जळाल्या, हे आपल्या भागातील कोणीही विसरलेले नाही. मोठे झाड नुसते जिवंत ठेवायला ठिबकने दिवसाला ४० लिटर धरले, तरी सहा बाय सहा मीटर अंतरावरील एका एकरातील १११ झाडांना रोज साधारण साडेचार हजार लिटर आणि जूनअखेरपर्यंत साडेदहा लाख लिटर लागते. हा आकडा आपल्या विहिरीच्या आवकेपेक्षा जास्त निघत असेल, तर बागेचा कोणता भाग वाचवायचा याचा निर्णय आताच करावा, आणि तो करताना जुन्या, रोगट झाडांचा मोह ठेवू नये. आळ्यांत सोयाबीनचे भूस किंवा उसाच्या पाचटाचे चार बोटे जाड आच्छादन, खोडांना बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा लेप), वाळलेल्या व दाट फांद्यांची हलकी छाटणी, झाडावरील उरलेली फळे उतरवून घेणे आणि उन्हाची तीव्रता वाढल्यावर ८ टक्के केओलिनची (पांढऱ्या मातीच्या भुकटीची) फवारणी, एवढे केल्यास पाण्याची गरज बरीच घटते. आच्छादन फेब्रुवारीत नव्हे, याच आठवड्यात घालावे. जमिनीतील आज असलेली ओल तेव्हा उरलेली नसते.

जिल्हानिहाय पाच दिवसांचा अंदाज आणि त्यावर आधारित पीक सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून प्रसिद्ध होतो. फवारणी, वेचणी आणि पाण्याची पाळी यांसाठी तो पाहावा. हवामान विभागाचा दर गुरुवारचा विस्तारित अंदाज पुढील आठवड्यांत पाऊस सरासरीपेक्षा अधिक की कमी, एवढाच कल सांगतो, आणि तो तेवढ्यासाठीच वापरावा. उपसागरातील एखादी प्रणाली आंध्र किनाऱ्याकडे येत असल्याची सूचना आली तर ती सूचना आणि आपल्या शेतावरचा पाऊस यांत साधारण तीन-चार दिवस मिळतात. तेवढ्यात कापूस वेचून घ्यावा आणि कडबा व भूस झाकून ठेवावे.

पुढच्या पावसाळ्याबाबत आज फार थोडे सांगता येते, आणि जे सांगता येते ते असे. अमेरिकी हवामान संस्थेच्या १२ ऑक्टोबरच्या अनुमानानुसार एल निनो मार्च ते मे २०२४ पर्यंत टिकण्याची शक्यता ८० टक्के आहे. म्हणजे उन्हाळा कडक जाण्याची आणि तो पाण्याच्या दृष्टीने लांबण्याची तयारी हवी. त्यानंतर तो किती वेगाने ओसरेल हे अंदाजाच्या संगणकीय प्रारूपांना मार्च-मेपूर्वी नीट पकडता येत नाही, कारण त्या काळात प्रशांत महासागराची स्थिती बदलण्याच्या टप्प्यावर असते. एल निनो ओसरल्यानंतरचे पावसाळे अनेकदा चांगले झाले आहेत. २०१० साली देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला आणि २०१६ मध्ये मराठवाड्यात सरासरीहून अधिक. हवामान विभागाचा पहिला दीर्घकालीन अंदाज एप्रिलमध्ये येईल, तोवर कोणत्याही भाकितावर पेरणीचा किंवा कर्जाचा निर्णय करू नये. पाण्याचे नियोजन मात्र ७ जूनपर्यंत नव्हे, तर जुलैच्या मध्यापर्यंतचे धरावे, कारण पाऊस वेळेवर आला तरी विहिरीत आवक सुरू व्हायला किमान महिना जातो.

दुष्काळ जाहीर झाल्यामुळे जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती व कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत आणि विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कमाफी मिळते. रोजगार हमीचे निकषही शिथिल होतात. बँकेकडे पुनर्गठनाची मागणी लेखी द्यावी. खरीप २०२३ च्या विम्यात २१ दिवसांहून अधिक खंड पडलेल्या महसूल मंडळांना २५ टक्के अग्रिम भरपाई देय होती, त्यात आपले मंडळ आहे का हे तालुका कृषी कार्यालयात तपासावे. हरभऱ्यासाठी २०२३ च्या रब्बीत एक रुपयातील विम्याची मुदत १५ डिसेंबर होती.

आपल्या रानाच्या मातीची खोली, विहिरीचा व्यास, आजची पाण्याची पातळी, उपसल्यानंतर भरायला लागणारे तास आणि मोसंबीच्या झाडांची संख्या व वय एवढे कळवलेत, तर हरभरा किती गुंठ्यांवर घ्यावा आणि बाग किती राखावी याचा आकडा मांडून देता येईल.